जांघेतला मार आणि मनावर आलेला आळ

सायकलच्या दांडीवर आदळणं, कुंपण ओलांडताना पाय घसरून दोन्ही पाय दोन बाजूंना जाणं, खेळताना जांघेत बसलेली लाथ. डोळ्यांपुढे अंधारी येते, तासाभरात कळ ओसरते, काही दिवसांत काळंनिळंही जातं. काही पुरुषांना मात्र त्यानंतर लिंगात पूर्वीसारखी ताठरता येत नाही. हे लक्षात यायला कधी कधी महिने लागतात, आणि तोवर तो मार स्वतःलाही आठवेनासा झालेला असतो. आठवला, सांगितला, तरी ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच ऐकायला मिळतं. या उत्तरामागे मोठा इतिहास आहे.

जुन्या वैद्यांना हा संबंध माहीत होता. चरकसंहितेत ‘ध्वजभंगा’ची, म्हणजे ताठरता जाण्याची कारणं सांगताना शस्त्र, दात आणि नखांच्या जखमांबरोबर लाकडाचा प्रहारही मोजला आहे. सुश्रुतसंहितेत क्लैब्याचे, म्हणजे नपुंसकतेचे जे प्रकार दिले आहेत, त्यांत मन विटल्यामुळे येणारं वेगळं आणि मर्मच्छेदाने, म्हणजे शरीराच्या नाजूक जागी झालेल्या इजेने येणारं वेगळं. जन्मजात क्लैब्य आणि मर्मच्छेदाचं क्लैब्य ही दोन्ही असाध्य, असंही तिथे स्पष्ट म्हटलंय. मनाची आणि शरीराची बाजू इतक्या सरळपणे वेगळी ठेवलेली पाहिली, की पुढे ही समज हरवली याचं वाईट वाटतं. ग्रीकांकडे हिपोक्रेटिसच्या नावावरच्या लेखनात सिथियन या भटक्या जमातीतल्या घोडेस्वारांच्या नपुंसकतेचा दोष सततच्या घोडदौडीला दिला आहे. त्यातलं सगळं विवेचन आज टिकत नाही, पण खोगीर आणि जांघ यांच्यावर ठेवलेलं बोट योग्य जागी होतं.

ताठरता नेमकी कशाने येते, हे कळायला फार वेळ लागला. लिंग वाऱ्याने फुगतं अशी समजूत शतकानुशतकं होती. फाशी दिलेल्यांची शरीरं पाहून लिओनार्दो दा विंचीने त्यात रक्त भरतं असं नोंदवलं. रेनिए द ग्राफ या डच शरीरशास्त्रज्ञाने 1668 मध्ये मृतदेहाच्या धमनीत पाणी सोडून लिंग ताठ करून दाखवलं. एकहार्ड या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1863 मध्ये कुत्र्यांच्या ओटीपोटातल्या मज्जातंतूंना विजेने उत्तेजित करून तोच परिणाम मिळवला. म्हणजे धमनी आणि मज्जातंतू, दोन्ही शाबूत हवेत.

आणि मार नेमका तिथेच बसतो. लिंगाचा बराच भाग बाहेरून दिसतच नाही. त्याची दोन मुळं वृषणांच्या मागे, आपण ज्या हाडांवर बसतो त्यांच्या कमानीला चिकटलेली असतात. लिंगाला रक्त देणारी धमनी त्याच हाडालगतच्या एका अरुंद मार्गातून येते. त्याचं वर्णन आयरिश शरीरशास्त्रज्ञ बेंजामिन अल्कॉकने 1836 मध्ये केलं. खालून दांडी आदळली की धमनी दांडी आणि हाड यांच्यात चिरडते. ती बहुधा फुटत नाही, पण आतलं अस्तर दुखावतं, तिथे व्रण धरतो आणि वाट हळूहळू अरुंद होत जाते. मार आणि तक्रार यांच्यात जे महिने जातात, ते यामुळे.

मोठ्या अपघातात ओटीपोटाची हाडं मोडून मूत्रमार्ग तुटतो, तेव्हा त्याला लगटून जाणारे मज्जातंतूही तुटू शकतात. या तंतूंची नेमकी वाट पॅट्रिक वॉल्श आणि पीटर डाँकर या मूत्ररोगतज्ज्ञांनी 1982 मध्ये दाखवली, तीही प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेच्या निमित्ताने. इतकी उशिरा.

मधल्या काळात, विसाव्या शतकात, मनोविश्लेषणाचा प्रभाव इतका वाढला की ताठरतेची बहुतेक तक्रार मनाच्या खात्यात जमा होऊ लागली. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन लैंगिकता-संशोधकांचं 1970 चं काम लैंगिक समस्यांवर मोकळेपणाने बोलायला शिकवणारं होतं, पण त्यांचाही कल तिकडेच होता. जखमी तरुणाला ‘तुला काही झालेलं नाही’ असं सांगितलं जाणं हा मला या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो. अपयशाची भीती खरी असते, ती त्रास वाढवतेही, पण इथे ती इजेच्या मागून आलेली असते.

ही कोंडी फोडायला झोपेची मदत झाली. झोपेत ठरावीक अंतराने ताठरता येते, हे जर्मन संशोधकांनी 1944 मध्ये नोंदवलं होतं. सत्तरच्या दशकात त्यावरूनच एक तपासणी तयार झाली: झोपेतही ताठरता नसेल तर कारण शरीरात असण्याची शक्यता जास्त. प्रागमध्ये वाक्लाव मिखाल या शल्यचिकित्सकाने 1973 मध्ये पोटाच्या भिंतीतली धमनी वळवून लिंगाला रक्त पोचवलं. पॅरिसच्या रोनाल्ड विराग यांनी 1982 मध्ये रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या पापाव्हरीन या औषधाचं इंजेक्शन लिंगात देऊन ताठरता आणली. मग अशा इंजेक्शननंतर सोनोग्राफीवर रक्ताचा वेग मोजणं शक्य झालं आणि धमनीतला अडथळा पडद्यावर दिसू लागला. अमेरिकेत 1992 च्या तज्ज्ञ परिषदेने ‘नपुंसकता’ या अर्थाचा शब्द सोडून ताठरतेतला बिघाड म्हणावं असं सुचवलं. नावातला डाग पुसणं ही लहान गोष्ट नव्हती.

सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा नावाने ओळखली जाणारी गोळी, 1998 मध्ये आलं, पण ते मज्जातंतूंकडून येणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडच्या संदेशावर काम करतं. तंतूच तुटले असतील तर गोळी अपुरी पडते, आणि तिचा गुण आला नाही म्हणजे दोष मनात, हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. धमनी जोडण्याची शस्त्रक्रियाही सरसकट नाही. तरुण वय, माराच्याच जागी असलेला अडथळा, बाकी रक्तवाहिन्या निरोगी आणि लिंगात भरलेलं रक्त शिरांतून गळून जात नाही, अशा मोजक्यांसाठीच तिचा विचार होतो.

मार लागल्यावर मूत्रमार्गातून रक्त आलं किंवा लघवी अडली, तर त्याच वेळी रुग्णालय गाठायला हवं. काही वेळा उलटंही घडतं: धमनी फाटून रक्त सतत आत वाहतं, आणि न दुखणारी अर्धवट ताठरता तासन्‌तास, अगदी दिवसेंदिवस राहते. तीही दाखवायलाच हवी.

नुसते दबलेले मज्जातंतू सावरायला वर्ष-दीड वर्षही लागू शकतं. पूर्ण तुटलेले तंतू पुन्हा कामाला लावण्याचा खात्रीचा उपाय आजही नाही. पण इंजेक्शन थेट लिंगाच्या स्नायूंवर काम करतं, त्याला तंतूंचा संदेश लागत नाही. आणि तेही पुरेसं ठरलं नाही तर 1973 पासून वापरात असलेलं, पंपाने द्रव भरणारं कृत्रिम रोपण आहे.