जुन्या गाडीत नवा स्टिरिओ बसवताना: विजेचा बिघाड कुठे आणि कसा शोधावा

नवा स्टिरिओ बसवला आणि तो सुरूच होईना, मध्येच बंद पडू लागला किंवा गाण्याबरोबर घरघर ऐकू येऊ लागली, की पहिला संशय स्टिरिओवर जातो. आमच्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींत दोष बहुतेक वेळा गाडीच्या वायरिंगमध्ये सापडतो. आजचे स्टिरिओ काही गोष्टी गृहीत धरून बनवलेले असतात: वीज १२ व्होल्टची आहे, बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला जोडलेला आहे आणि चार्जिंग नीट होतंय. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीत या तिन्ही गोष्टी तपासूनच पुढे जावं लागतं. एक साधा डिजिटल मल्टिमीटर जवळ असेल, तर पुढची बहुतेक तपासणी तुम्ही स्वतः करू शकता.

जोडणीआधी: गाडीची वीज कोणती?

बॅटरीची कोणती तार बॉडीला बोल्टने कसली आहे ते डोळ्यांनी बघा. बॉडीला जोडलेली बाजू म्हणजे गाडीचा ‘अर्थ’. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असे, म्हणजे बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असे. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीतसुद्धा १९६७ पर्यंत तसंच होतं. अशा गाडीत आजचा स्टिरिओ थेट जोडता येत नाही. लाल-काळी वायर उलटी जोडून भागेल असं अनेकांना वाटतं, पण स्टिरिओची धातूची पेटी आणि अँटेनाच्या वायरीवरची जाळी, दोन्ही आतून निगेटिव्हलाच जोडलेल्या असतात. पेटी डॅशबोर्डला टेकली किंवा अँटेना विंगवर (चाकावरच्या पत्र्यावर) कसला, की थेट शॉर्ट. फ्यूज नसेल तर वायर पेटते.

यावर उपाय दोनच. एक तर इनपुट आणि आउटपुटचा अर्थ पूर्ण वेगळा ठेवणारा कन्व्हर्टर वापरायचा आणि स्टिरिओ, अँटेना दोन्ही बॉडीपासून अलग ठेवायचे. नाहीतर गाडीच निगेटिव्ह अर्थवर आणायची. दुसरा मार्ग टिकाऊ आहे, पण त्यात बॅटरीच्या तारा बदलून काम संपत नाही. डायनॅमोला (बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या जनरेटरला) नव्या दिशेने पोलॅरिटी द्यावी लागते, इग्निशन कॉइलच्या आणि अँमीटरच्या वायरी अदलाबदल कराव्या लागतात. गाडीत नंतर कुणी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर ते आधी तपासा, उलट्या पोलॅरिटीने ते जळतं. आणि आधी बॅटरीवरचे जुने शिक्के नीट पाहा. मधल्या एखाद्या मालकाने हा बदल अर्धवट करून ठेवलेल्या गाड्याही येतात.

६ व्होल्टच्या गाडीला व्होल्टेज वाढवणारा कन्व्हर्टर लागतो. तो निवडताना स्टिरिओ किती अँपिअर घेतो ते लक्षात घ्या.

मग चार्जिंग. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास रीडिंग येतं आणि इंजिन थोडं रेस केल्यावर १३.८ ते १४.४. ते १५ च्या वर जात असेल, तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) दुरुस्त होईपर्यंत स्टिरिओ जोडू नका. डायनॅमोच्या गाडीत आणखी एक मर्यादा असते. ल्युकास या ब्रिटिश कंपनीचा सी-४० हा नेहमी आढळणारा डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, आणि आयडलिंगला जवळपास काहीच नाही. रात्री हेडलाइट, वायपर आणि मोठा अँप्लिफायर एकत्र चालले, तर तूट बॅटरीतून भरून निघते. स्टिरिओच्या खोक्यावर ‘४ × ५० वॅट’ छापलेलं असतं, त्याने घाबरू नका आणि भुलूही नका. मागे १० अँपिअरचा फ्यूज असेल, तर १२ व्होल्टला एकूण १२० वॅटच आत येऊ शकतात.

अर्थ: सर्वांत जास्त त्रास इथेच

स्टिरिओ आवाज वाढवला की बंद होतो, हेडलाइट लावला की डिस्प्ले मंद होतो, अशा वेळी आधी अर्थ बघा. डॅशबोर्डच्या मागच्या एखाद्या स्क्रूला काळी वायर गुंडाळलेली असते, आणि तो स्क्रू रंगावर किंवा गंजावर बसलेला असतो. ओहममध्ये मोजून इथे फसगत होते. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर ‘ठीक’ दाखवतो, पण तेवढ्या तारेतून स्टिरिओला लागणारा करंट जात नाही.

चाचणी अशी करा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर लावा, त्यावरच्या क्लॅम्पवर नको. दुसरं टोक स्टिरिओच्या पेटीला लावा आणि गाणं मोठ्याने वाजू द्या. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त रीडिंग आलं, तर अर्थ कमजोर आहे. मग एक टोक जागेवर ठेवून दुसरं टोक क्लॅम्प, बॉडीचा बोल्ट, डॅशबोर्ड असं क्रमाने सरकवत जा. जिथे रीडिंग एकदम उडी मारेल, तिथला सांधा खराब. तो रंग खरवडून, चकचकीत धातूवर रिंग टर्मिनलने पक्का कसा.

स्पीकरच्या जुन्या वायरी

पूर्वीच्या रेडिओत एकच स्पीकर असे आणि त्याची एक वायर बऱ्याचदा बॉडीला जोडलेली असे. आजच्या स्टिरिओत हे मुळीच चालत नाही. त्याच्या स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॉडीच्या तुलनेत साधारण ६ व्होल्ट असतात; त्यातली एक बॉडीला टेकली, तर नशीब चांगलं असेल तर स्टिरिओ स्वतःला बंद करून घेतो, नाहीतर आउटपुटची चिप जाते. जोडण्याआधी प्रत्येक स्पीकर वायर आणि बॉडी यांच्यात मीटर लावून कुठेही संपर्क नाही याची खात्री करा. कापडी वेष्टणाची वायर हात लावताच भुगा होत असेल, तर ती सोडून नवी ओढा. डॅशबोर्डच्या मधोमध एकाच स्पीकरची जागा असेल, तर डावी-उजवी वायर एकत्र पिळू नका, दोन व्हॉइस कॉइलचा, म्हणजे डाव्या-उजव्या वायरी वेगवेगळ्या जोडता येणारा स्पीकर घ्या.

आवाजातली घरघर

घरघर इंजिनाच्या वेगाबरोबर चढत-उतरत असेल, तर ती चार्जिंगची. इंजिनाच्या ठेक्यावर कडकड येत असेल, तर ती इग्निशनची. इंजिन बंद, चावी चालू आणि तरी टकटक असेल, तर इलेक्ट्रिक फ्युएल पंप किंवा डॅशबोर्डवरच्या मीटरना वीज देणारा व्होल्टेज स्टॅबिलायझर बघा. अनेक ब्रिटिश गाड्यांत हा स्टॅबिलायझर सतत चालू-बंद होत सरासरी १० व्होल्ट देतो. सोयीचं टर्मिनल म्हणून कुणी स्टिरिओची वीज तिथूनच घेतलेली असते.

रेडिओ चालू ठेवून अँटेनाची पिन उपसा. आवाज गेला तर तो अँटेनातून येतोय. बुडाखालचा रंग काढून अँटेनाचा अर्थ सुधारा. आवाज राहिला तर वीज देणाऱ्या वायरीकडे वळा. इग्निशनसाठी तांब्याच्या जुन्या प्लग वायरी काढून सप्रेशनच्या (रेडिओतला अडथळा दाबणाऱ्या) वायरी किंवा रेझिस्टर प्लग लावा. आवाज दाबण्यासाठी कंडेन्सर लावायचा असेल, तर कॉइलच्या चावीकडून वीज येणाऱ्या टर्मिनलवर लावा, डिस्ट्रिब्युटरमधल्या कॉन्टॅक्ट पॉइंट्सकडे जाणाऱ्या टर्मिनलवर नको. डायनॅमोवर तो जाड आउटपुटच्या टर्मिनलला लागतो. फील्डच्या टर्मिनलला लावला, तर रेग्युलेटरचे पॉइंट्स खराब होतात.

फ्यूज आणि बॅटरी उतरणं

जुन्या गाडीत दोन-चारच फ्यूज असतात आणि त्यावर आधीच भरपूर भार असतो. स्टिरिओसाठी बॅटरीपासून स्वतंत्र वायर ओढा आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ घाला. मूळ वायरिंग कापू नका, ही आमची कळकळीची विनंती आहे. ते परत मिळत नाही.

पिवळी वायर कायम चालू, लाल चावीवर. बहुतेक स्टिरिओत हीच रीत असते, तरी सोबतचा कागद वाचा. चावी काढली की स्टेशनं पुसली जात असतील, तर या दोन वायरी उलट्या लागल्या आहेत. बॅटरी उतरत असेल, तर निगेटिव्ह तार सोडून मीटर अँपिअरवर मालिकेत जोडा; तेव्हा स्टार्टर किंवा दिवे लावू नका. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक आहे, पण तेवढ्यानेही ४० अँपिअर-तासांची बॅटरी दोन-अडीच आठवड्यांत अर्धी होते. गाडी महिनोन्महिने उभी राहत असेल, तर बॅटरीला कटऑफ बसवा आणि स्टेशनं पुन्हा लावायची तयारी ठेवा.

एवढं करूनही दोष सापडला नाही, तर आम्हाला फोन करताना ही माहिती हाताशी ठेवा: अर्थ कोणत्या बाजूचा, इंजिन बंद आणि चालू असतानाचं व्होल्टेज, पेटीवरचं अर्थचं रीडिंग, आणि अँटेना उपसल्यावर आवाज राहिला की गेला.