डार्क शॅडोज मालिकेतील एकतर्फी प्रेम

‘डार्क शॅडोज’ ही अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर २७ जून १९६६ ते २ एप्रिल १९७१ या काळात सोमवार ते शुक्रवार दुपारी दाखवली गेलेली अर्ध्या तासाची दैनंदिन मालिका. निर्माते डॅन कर्टिस. पाच वर्षांत तिचे १,२२५ भाग झाले. भुते, चेटकिणी, लांडगामानव, काळाच्या पुढे-मागे जाण्याचे दरवाजे असे सगळे तिच्यात होते. पण तिला जिवंत ठेवणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे नाकारले गेलेले प्रेम आणि त्यातून माणसाला धरणारे झपाटलेपण. या मालिकेत आधी कुणाचे तरी प्रेम झिडकारले जाते आणि मग पिशाच्च जन्माला येते. हा क्रम तिच्या बहुतेक मोठ्या कथानकांत सापडतो.

मराठीत ‘झपाटणे’ आणि ‘पछाडणे’ हे शब्द भूतबाधेलाही चालतात आणि एखाद्या व्यक्तीच्या ध्यासालाही. इच्छा अपुरी राहिली की जीव अडकतो, पिंडाला कावळा शिवत नाही, ही समजूतही आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरची ही गोष्ट मराठी वाचकाला परकी वाटत नाही ती याच कारणाने.

मालिकेचे स्वरूप

कथा घडते मेन राज्यातील कॉलिन्सपोर्ट या काल्पनिक मासेमारी गावात, कॉलिन्स घराण्याच्या कॉलिनवुड वाड्यात. सुरुवातीला मालिकेत अलौकिक असे फारसे नव्हते. व्हिक्टोरिया विंटर्स ही अनाथ तरुणी एका मुलाची शिक्षिका म्हणून वाड्यात येते आणि घराण्याची गुपिते हळूहळू उलगडू लागतात, इतकेच. प्रेक्षक मिळेनात तेव्हा भुते आली. एप्रिल १९६७ मध्ये विली लूमिस नावाचा भुरटा चोर दागिन्यांच्या लोभाने कॉलिन्सांच्या दफनगृहातली साखळदंडांनी बांधलेली शवपेटी उघडतो आणि आतून एक हात बाहेर येऊन त्याचा गळा धरतो. दुसऱ्या दिवशीच्या भागात वाड्याच्या दारात एक सभ्य, जुन्या वळणाचा माणूस उभा असतो. इंग्लंडहून आलेला दूरचा भाऊ अशी तो स्वतःची ओळख करून देतो. हा बार्नबस कॉलिन्स, पावणेदोनशे वर्षे पेटीत कोंडलेला व्हॅम्पायर.

ही भूमिका थोड्या आठवड्यांपुरती होती. ती करणारे जोनाथन फ्रिड हे कॅनडात जन्मलेले, शेक्सपिअरच्या नाटकांत मुरलेले नट. मालिका जवळजवळ सलग ध्वनिचित्रमुद्रित होत असे. चुकले तरी फेरमुद्रण क्वचितच. त्यामुळे अडखळलेले संवाद आणि चौकटीत डोकावणारे ध्वनिग्राहक तसेच राहिले आहेत. फ्रिड यांना पाठांतराची सतत धास्ती असे आणि नजर संवादफलकाकडे जाई. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो अस्वस्थपणा बार्नबसच्या अपराधी, तहानलेल्या एकटेपणाशी असा काही मिसळला, की प्रेक्षकांना त्याची भीती वाटण्याऐवजी कणव येऊ लागली. शाळा सुटताच धावत घर गाठणारी मुले आणि दुपारचे काम बाजूला सारणाऱ्या गृहिणी हा मालिकेचा मोठा प्रेक्षकवर्ग. बार्नबस मग मालिका संपेपर्यंत राहिला.

मॅगी एव्हन्सचे अपहरण

बार्नबस गावातल्या खाणावळीत काम करणाऱ्या मॅगी एव्हन्सला पाहतो आणि त्याला तिच्यात जोझेट दु प्रे दिसते. जोझेट ही अठराव्या शतकातली त्याची वाग्दत्त वधू. दोन्ही भूमिका कॅथरीन ली स्कॉट यांनीच केल्या. तो मॅगीला जुन्या वाड्यात कोंडतो, जोझेटचा पोशाख घालायला देतो, जोझेटच्या खोलीत बसवतो आणि तिच्यासमोर जोझेटची संगीतपेटी उघडी ठेवतो. रॉबर्ट कोबर्ट यांनी रचलेली त्या पेटीची धून पुढे मालिकेत वारंवार ऐकू येत राहते. ‘तू मॅगी नाहीस, तू जोझेट आहेस’ हे तिच्या मनावर बिंबवायचे, आणि ती स्वतःला विसरली की तिला आपल्यासारखी करून घ्यायचे, असा त्याचा बेत. मॅगी ठाम नकार देते तेव्हा तो तिला तळघरातल्या कोठडीत टाकतो.

एकतर्फी प्रेमाचे इतके स्वच्छ चित्रण त्या काळच्या दूरचित्रवाणीवर दुर्मीळ आहे. बार्नबस मॅगीशी अदबीने बोलतो, तिला भेटवस्तू देतो, आवाज चढवत नाही. आणि तरीही त्या खोलीत मॅगी नावाच्या मुलीला जागाच नसते. तो जिच्यावर प्रेम करतो ती मेलेली आहे. समोर आहे ते एक शरीर, आठवण चढवण्यापुरते. मॅगीला सुटकेची वाट दाखवते ती सॅरा, बार्नबसच्या धाकट्या, लहानपणीच वारलेल्या बहिणीचे भूत. ज्या एका जिवावर त्याची निखळ माया होती, तीच त्याच्या विरोधात उभी राहते. या प्रसंगांत लेखकांनी प्रेक्षकाच्या सहानुभूतीला बळी न पडता बार्नबसला दोषी ठेवले, ही मालिकेची मोठी कमाई आहे. विली लूमिसला मॅगीबद्दल मुका जिव्हाळा असतो. तिला वाचवण्यासाठी तो धडपडतो आणि शेवटी अपहरणाचा आळ त्याच्यावरच येतो.

अँजेलिकचा शाप

या वेडाचे मूळ नोव्हेंबर १९६७ पासून दाखवले गेले. एका प्लँचेटच्या बैठकीतून व्हिक्टोरिया १७९५ सालात जाऊन पडते आणि पुढचे चार महिने मालिका त्याच काळात राहते. बार्नबस तेव्हा साधा, उमदा तरुण आहे. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावरच्या धनाढ्य घरातली जोझेट त्याच्याशी लग्न करायला कॉलिन्सपोर्टला येते. तिच्याबरोबर दासी म्हणून अँजेलिक बूशार येते. मार्टिनिकमध्ये असताना बार्नबसचे अँजेलिकशी संबंध आले होते. त्याच्या लेखी ते तेवढ्यापुरते होते आणि संपले होते. तिच्या लेखी तसे नव्हते. अँजेलिकला चेटूक येते.

पुढची घसरण पायरीपायरीने होते. अँजेलिक मंत्राने जोझेटला आणि बार्नबसचा काका जेरमाया याला एकमेकांकडे ओढते. ते दोघे लपून लग्न करतात. द्वंद्वात बार्नबस जेरमायाला मारतो. छोट्या सॅराला असाध्य आजार जडवून, ती बरी करण्याच्या बदल्यात अँजेलिक बार्नबसकडून लग्नाचे वचन घेते आणि त्याची बायको होते. नवरा मिळतो, पण त्याचे मन जोझेटकडेच. सत्य कळल्यावर तो तिच्यावर गोळी झाडतो. आपण मरतो आहोत या समजुतीने ती शाप देते : तुला कधीही विसावा मिळणार नाही आणि जो कोणी तुझ्यावर प्रेम करील तो मरेल. वटवाघूळ येऊन त्याच्या मानेचा लचका तोडते. अँजेलिक वाचते आणि आपल्या शापाचा अर्थ उमजून स्वतःच हादरते; पण व्हॅम्पायर होऊन उठलेला बार्नबस पहिल्यांदा तिचाच गळा दाबतो. जोझेट आपले होऊ घातलेले रूप पाहून विडोज हिल या कड्यावरून समुद्रात उडी घेते. बापाला, जॉशुआ कॉलिन्सला, मुलाला मारवत नाही. तो त्याला पेटीत बंद करून साखळदंड घालतो.

शापाचे शब्द नीट पाहावेत. अँजेलिकने बार्नबसला नुसते रक्तपिपासू केले असते तरी सूड पुरा झाला असता. तिने त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांना मृत्यू दिला, म्हणजे आपले जे झाले तेच त्याचे व्हावे अशी तजवीज केली. प्रेम असावे आणि ते कुणापर्यंत पोचू नये. तळघरातल्या कोठडीत मॅगीने जे सोसले त्याची सुरुवात मार्टिनिकमधल्या एका दुर्लक्षित दासीच्या दुःखात आहे, हे प्रेक्षकाला उलट्या क्रमाने कळते. आधी परिणाम, मग कारण. ही रचना मुद्दाम केलेली होती की प्रेक्षकांच्या मागणीतून घडली, हा वेगळा प्रश्न. परिणाम मात्र विलक्षण साधला आहे.

लारा पार्कर यांनी अँजेलिकला केवळ खलनायिका होऊ दिले नाही. बार्नबससमोर आली की तिच्या डोळ्यांत आधी आशा दिसते आणि मग राग. मालकिणीने हाक मारली की धावायचे, तिचे कपडे आवरायचे आणि आपला माणूस तिचा होताना पाहायचा, हा वर्गभेदाचा काच त्या भूमिकेला आहे. बार्नबसचा अपराधही इथेच आहे. दासीशी आलेला संबंध विसरण्याइतका हलका आहे असे त्याने मानले. पार्कर यांनी पुढे कादंबऱ्या लिहिल्या आणि १९९८ च्या पहिल्या कादंबरीत अँजेलिकची बाजू मांडली.

इतर कथानके

हाच धागा पुढेही फिरत राहतो, कधी बळकट तर कधी नुसता पुनरावृत्तीचा. १९६८ मध्ये अँजेलिक कॅसँड्रा या नावाने, रॉजर कॉलिन्सची पत्नी होऊन वर्तमानात परत येते. प्रयोगशाळेत निर्माण केलेला ॲडम वाड्यातल्या कॅरोलिन या तरुणीवर जीव लावतो आणि तिच्याकडून फक्त दया मिळते. निकलस ब्लेअर हा सैतानाचा थंड डोक्याचा सेवक मॅगीच्या प्रेमात पडतो आणि त्या एका मानवी दुबळेपणाने त्याचा डाव फसतो. वाईटातल्या वाईटालाही प्रेम घसरवते, ही कल्पना चांगली होती. तिला वेळ मात्र पुरेसा मिळाला नाही.

ज्यूलिया हॉफमन

मॅगीवर उपचार करणारी डॉक्टर म्हणून ज्यूलिया हॉफमन १९६७ च्या मध्याला मालिकेत येते. भूमिका ग्रेसन हॉल यांची. १९६४ च्या एका चित्रपटासाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले होते. ज्यूलिया बार्नबसचे गुपित ओळखते. त्याला पकडून देण्याऐवजी ती त्याला बरे करण्याचा प्रस्ताव मांडते, कारण सुरुवातीला तो तिच्यासाठी वैद्यकशास्त्रातला एक अजब रुग्ण असतो. मग ती त्याच्या प्रेमात पडते. त्याचे लक्ष तोवर व्हिक्टोरियाकडे लागलेले असते.

तिचे प्रेम निष्पाप नाही. ती संमोहनाने मॅगीची स्मृती पुसते. डॉक्टर डेव्ह वुडर्ड हा तिचा जुना सहकारी सत्याच्या जवळ पोचतो तेव्हा त्याचा खून करण्यासाठी लागणारे औषध तीच तयार करून देते. बार्नबस तिलाही संपवू पाहतो. वुडर्डचे भूत उभे करून तिला वेड लावण्याचा प्रयत्न करतो. तरीही ती थांबते आणि हळूहळू दोघांत एक वेगळे नाते तयार होते. तो तिच्याशी खरे बोलतो, संकटात पहिल्यांदा तिच्याकडे येतो, तिच्या बुद्धीवर विसंबतो. तिला हवे ते तेवढे देत नाही.

या मालिकेत नाकारले गेलेले प्रत्येक जण आपला घाव दुसऱ्या कुणावर तरी उतरवते. अँजेलिक बार्नबसवर, बार्नबस मॅगीवर. ज्यूलियाच्या हातात बार्नबसचा जीव अक्षरशः असतो, रोजच्या इंजेक्शनच्या सुईत. मालिकेत उपचार बिघडून तो एकाएकी जख्ख म्हातारा होतो, तो त्याच्याच उतावीळपणामुळे. गती वाढवण्याचा हट्ट त्याचा. १९७० मध्ये कर्टिस यांनी याच कथेवर ‘हाउस ऑफ डार्क शॅडोज’ हा चित्रपट काढला तेव्हा मात्र मत्सराने पेटलेली ज्यूलिया मुद्दाम चुकीचे औषध टोचते आणि तो तिचा गळा दाबतो. दीड तासाच्या चित्रपटाला असा स्फोट सोयीचा असेल. पण त्यामुळे ज्यूलिया दुसरी अँजेलिक होऊन बसली. मालिकेतली ज्यूलिया रोज दुपारी तेच दुखणे घेऊन पुन्हा कामाला लागते, आणि तिचे सारे वजन त्या रोजच्या येण्यात आहे.

नंतरच्या आवृत्त्या

हरवलेली प्रेयसी दुसऱ्या स्त्रीत शोधणारा व्हॅम्पायर ही कल्पना कर्टिस यांनी १९७४ मध्ये दूरचित्रवाणीवर आलेल्या ड्रॅक्युलामध्ये पुन्हा वापरली. मूळ कादंबरीत ती नाही. पुढे पाश्चात्त्य व्हॅम्पायरकथांत ती जणू नेहमीचीच झाली. १९९१ मध्ये एनबीसी वाहिनीवर मालिकेची नवी आवृत्ती आली आणि थोड्याच भागांत बंद पडली. टिम बर्टन यांच्या २०१२ च्या चित्रपटात शेवटी अँजेलिक (इव्हा ग्रीन) आपले हृदय उपसून बार्नबसपुढे धरते. बऱ्याचशा विनोदी अंगाने जाणाऱ्या त्या चित्रपटात मूळ मालिकेचा गाभा या एका दृश्यात सापडतो. मूळ मालिकेचा फक्त एक भाग आज चित्ररूपात उपलब्ध नाही. त्याचे ध्वनिमुद्रण तेवढे उरले आहे.

शेवट

जानेवारी १९७१ मधल्या भागांत, १८४० सालात घडणाऱ्या कथानकात, अँजेलिक बार्नबसला शापातून मोकळे करते. आपले प्रेम तिच्यावरच होते हे त्याला उमगते, आणि त्याच वेळी लमार ट्रास्क या बार्नबसच्या शत्रूच्या गोळीने ती मरते. त्यानंतर मालिका एका समांतर काळात गेली. त्या काळात बार्नबस आणि जोझेट यांचे लग्न झाले होते. त्यांचा मुलगा ब्रॅमवेल, म्हणजे पुन्हा फ्रिड, आणि कॅथरीन, म्हणजे लारा पार्कर, यांचे प्रेम अखेरच्या भागात सफल होते.

ज्यूलियाही १८४० मध्ये बार्नबसच्या पाठोपाठ गेली होती. अनोळखी काळात संशय येऊ नये म्हणून तिथे ती सगळ्यांना आपली ओळख बार्नबसची बहीण अशी करून देते. १८४० मधले काम संपल्यावर ती त्याच्याबरोबर १९७१ मध्ये परतते आणि दोघांची कथा पडद्यावर तिथेच थांबते. मालिका बंद झाल्यावर त्याच वर्षी तिच्या लेखकांपैकी एक, सॅम हॉल, यांनी पुढे कुणाचे काय झाले हे सांगणारा एक लेख नियतकालिकात लिहिला. ते ग्रेसन हॉल यांचे पती. त्या लेखात बार्नबस ज्यूलियाशी लग्न करतो.