हॅम्बुर्ग ते नॉर्डकॅप, बाइकवर आणि बेतात : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्यामार्फत हॅम्बुर्गला बाइक भाड्याने घेऊन डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड आणि नॉर्वे फिरायला निघणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे. जर्मनी-नेदरलँड्समध्ये राहणारे आणि स्वतःची गाडी असलेले मराठी ग्राहक भाडेकराराचा आणि कागदपत्रांचा भाग सोडून बाकी सगळं वापरू शकतील. आकडे ढोबळ आहेत. निघण्याआधी महिनाभर ते पुन्हा तपासा.

पैसा नेमका कुठे जातो

चौकशीला येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी पेट्रोलचा भाव विचारतो. तोच हिशोब आधी मांडू. हॅम्बुर्गहून स्वीडनमार्गे नॉर्डकॅप (नॉर्वेच्या अगदी उत्तरेकडचं टोक) आणि नॉर्वेच्या किनाऱ्याने परत, असा फेरा साधारण ६,३०० किलोमीटरचा होतो. लिटरला २२ किलोमीटर धरले तर २९० लिटर पेट्रोल लागतं. स्वीडनमध्ये लिटरमागे दीड युरोच्या आसपास, नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये पावणेदोन ते दोन युरो. म्हणजे सगळं मिळून ५०० ते ५५० युरो. आता मुक्काम बघा. २६ दिवसांच्या २५ रात्री हॉटेलात काढल्या तर साध्या खोलीचेही रोज १००-१२० युरो, म्हणजे अडीच-तीन हजार युरो. तंबू आणि लाकडी केबिन आलटून पालटून वापरली तर हेच ७०० ते ८०० युरोंत बसतं. जेवणाचंही तसंच. नॉर्वेत रेस्टॉरंटमधली एक साधी डिश २०० ते २५० क्रोनला पडते आणि एका युरोला साडेअकराच्या आसपास क्रोन मिळतात. म्हणून पेट्रोल वाचवायला सावकाश चालवण्यात फारसा अर्थ नाही. छप्पर आणि चूल या दोन गोष्टी आधी ठरवा.

जाताना स्वीडन, येताना नॉर्वे

उलट दिशेनेही जाता येतं, पण आम्ही हीच सुचवतो. हॅम्बुर्गहून पुटगार्डन, तिथून ४५ मिनिटांच्या फेरीबोटीने डेन्मार्कमधलं रॉड्बी, पुढे कोपनहेगन, ओरेसुंड पूल आणि मालमो. गोथेनबर्गहून ई४५ हा महामार्ग पकडायचा. कार्लस्टाड, मोरा, ओस्टरसुंड, आर्विड्सयाउर, येलिव्हारे असा हा रस्ता थेट कारेसुआंडोपर्यंत जातो. तिथे नदी ओलांडली की फिनलंड. फिनलंड जरा जास्त बघायचं असेल तर मुओनिओ, किटिला, इनारीमार्गे कारास्योकला नॉर्वेत शिरा. नाहीतर सरळ काउटोकेनो आणि आल्टा.

ई४५ कंटाळवाणा आहे हे आधीच सांगतो. जंगल, तळं, पुन्हा जंगल. पण रस्ता रुंद आहे, रहदारी तुरळक आहे आणि डावीकडून चालवायची सवय असलेल्या माणसाला उजवी बाजू अंगवळणी पडायला असाच रस्ता हवा. पेट्रोल आणि किराणा नॉर्वेपेक्षा स्वस्त. नॉर्वेत शिरण्याआधी स्वीडनमध्ये किंवा फिनलंडच्या लिडल, एस-मार्केटमध्ये आठवड्याचा तांदूळ, डाळ, पास्ता, कॉफी भरून घ्या आणि टाकीही फुल करा.

तारखांचा प्रश्न थोडा अवघड आहे. नॉर्डकॅपला मध्यरात्रीचा, म्हणजे रात्रीही न मावळणारा सूर्य मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंतच दिसतो. तो बघायचाच असेल तर जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत निघावं लागतं. पण जुलै हाच नॉर्वेच्या सुट्ट्यांचा महिना, केबिनचे भाव चढे आणि उत्तरेत डासांचे ढग. २५ जुलैच्या सुमारास निघालात तर दक्षिण नॉर्वेत पोहोचेपर्यंत ऑगस्टचा मध्य येतो, शाळा सुरू होतात, कॅम्पसाइट रिकाम्या होतात आणि बऱ्याच ठिकाणी दर उतरतात. बेतात जायचं असेल तर आमचं मत २५ जुलैच्या बाजूने. १९ ते २६ जूनमध्ये येणारा स्वीडनच्या मिडसमर या उन्हाळी सणाचा शुक्रवार-शनिवार मात्र कोणत्याही बेतातून टाळा. दुकानं बंद आणि कॅम्पसाइट भरलेल्या असतात.

भाडेकरारात काय वाचायचं

दिवसाच्या भाड्याखाली बारीक अक्षरांत किलोमीटरची मर्यादा असते. रोज २५० असेल तर २६ दिवसांत ६,५०० होतात, म्हणजे वरचा फेरा जेमतेम बसतो. २०० असेल तर ५,२०० वर काटा थांबतो आणि उरलेल्या ११०० किलोमीटरला, समजा ३० सेंटने, ३३० युरो जादा. दिवसाला पाच-सात युरो स्वस्त दिसणारी गाडी अशी महाग पडते.

दुसरं, नॉर्वे युरोपीय संघात नाही. गाडी नेता येणाऱ्या देशांच्या यादीत ‘नॉर्वे’ हे नाव वेगळं लिहिलेलं आहे ना ते बघा. तिसरं, अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवली जाते, ती हजार-दोन हजार युरो असू शकते. म्हणजे रोजच्या खर्चाला वेगळं कार्ड हवं.

गाडी ताब्यात घेताना मागचा टायर बघा. कायद्याने खाच किमान १.६ मिलिमीटर लागते, पण ३ मिलिमीटरवर निघालात तर तो परत येईपर्यंत टिकणार नाही. नॉर्वेचं डांबर खरखरीत आहे, शिवाय सरळ ई४५ वर टायर मधोमध घासून चपटा होतो. वाटेत नॉर्वेत टायर बदलायचा म्हणजे टायर, मजुरी आणि वाट बघण्यातले दोन दिवस. निम्म्याहून जास्त झिजलेला असेल तर तिथेच बदलून मागा. आम्ही तसं करारात लिहून घेतो.

तंबू कुठे लावता येतो

स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंडमध्ये मोकळ्या निसर्गात कुणालाही फिरण्याचा आणि तंबू टाकण्याचा हक्क आहे. नॉर्वेत तो १९५७ च्या कायद्याने नोंदलेला आहे. राहत्या घरापासून किंवा केबिनपासून किमान १५० मीटर लांब, शेतजमिनीवर नाही, आणि सखल भागात एका जागी मालकाला न विचारता दोन रात्रींपर्यंत. पण हा हक्क तुमच्या पायांचा आहे, चाकांचा नाही. रस्ता सोडून गाडी गवतावर किंवा जंगलात घालणं नॉर्वे आणि स्वीडनमध्ये बेकायदा आहे. म्हणून गाडी वाहनतळावर, सामान पाठीवर आणि तंबू आत. सामान तिथवर उचलता येईल इतकंच घ्यायचं, हे त्यातून आपोआप आलं. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर बऱ्याच गर्दीच्या ठिकाणी स्थानिक मनाईच्या पाट्या आहेत, त्या पाळा.

डेन्मार्कमध्ये हा हक्क नाही. तिथे ठरावीक जंगलांत एका रात्रीपुरता छोटा तंबू चालतो आणि ठिकठिकाणी तीन भिंतींचे लाकडी निवारे आहेत, काही फुकट, काही नाममात्र दरात. शेकोटीचा मोह आवरा. नॉर्वेत १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात आणि जंगलाजवळ उघडा विस्तव पेटवायला बंदी आहे, फिनलंडमध्ये जमीनमालकाची परवानगी लागते.

रोज फुकटात झोपण्याचा हट्टही धरू नका. दोन रात्री रानात आणि तिसरी केबिनमध्ये, हे गणित बहुतेकांना मानवतं. कॅम्पसाइटवर तंबूला २०० ते ३५० क्रोन, चार खाटांच्या साध्या केबिनला ५०० ते ९००. तिघांत वाटली तर माणशी १७० ते ३०० क्रोन, आणि केबिनमध्ये हीटर असतो. सलग दोन दिवस भिजलेले बूट, हातमोजे आणि तंबू वाळवायला दुसरा उपाय नाही. चादर-उशी भाड्याने घेतली की शंभरेक क्रोन वाढतात, म्हणून स्लीपिंग बॅग आणि एक पातळ चादर जवळ ठेवा. सकाळी केबिन झाडून-पुसून द्यायची असते, नाहीतर सफाईचे वेगळे पैसे लागतात. गरम पाण्याच्या शॉवरला काही ठिकाणी नाणं किंवा टोकन लागतं, ते आधी विचारून घ्या.

स्लीपिंग बॅगवरचा ‘कम्फर्ट’ आकडा शून्य अंशाच्या जवळपासचा हवा. ‘एक्स्ट्रीम’ आकड्यावर विसंबू नका, त्या तापमानाला माणूस जगतो एवढंच, झोपत नाही. जुलैतही नॉर्डकॅपजवळ रात्री पाच अंश ही नेहमीची गोष्ट आहे.

चूल आणि शिदोरी

भारतातून पोहे, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कोरडा मसाला न्या. तूप, पेढे, खवा आणि कोणताही मांसाचा पदार्थ नेऊ नका. युरोपीय संघात आणि नॉर्वेत बाहेरच्या देशांतून दुग्धजन्य आणि मांसाहारी पदार्थ आणायला मनाई आहे. ताजा कढीपत्ता आणि मिरच्याही घरीच राहू द्या.

गॅसचं डबं विमानात चालत नाही, तिथेच घ्यायचं. स्क्रूच्या आट्यांचं डबं खेळाच्या दुकानांत सगळीकडे मिळतं. दक्षिण युरोपात चालणारं खटक्याचं किंवा भोक पाडायचं डबं उत्तरेत शोधत बसावं लागतं, म्हणून स्टोव्ह स्क्रूचाच आणा. २३० ग्रॅमच्या डब्यात साधारण १२ लिटर पाणी उकळतं. नुसत्या ब्यूटेनचं डबं घेऊ नका. शून्याच्या आसपास ते दाबच देत नाही आणि पहाटे चहा होत नाही. प्रोपेन-आयसोब्यूटेन मिश्रण बघून घ्या. स्पिरिटवर चालणारा स्वीडिश ट्रांगिया स्टोव्ह हाही बिनतक्रार पर्याय आहे, फक्त वेळ जास्त लागतो.

दिवसातून एकदा बाहेर जेवायचं असेल तर ते दुपारी आणि स्वीडन-फिनलंडमध्ये जेवा. स्वीडनमध्ये साडेअकरा ते दीडच्या दरम्यान ‘डागेन्स लुन्श’ (दिवसाचं ठरलेलं जेवण) मिळतो, ११० ते १५० क्रोनला मुख्य पदार्थ, सॅलड, पाव आणि कॉफीसकट. शाकाहारी पर्याय बहुधा असतो. फिनलंडच्या पेट्रोलपंपांवरचं दुपारचं बुफे असंच पोटभरीचं. नॉर्वेत मात्र रेमा १०००, किवी किंवा कूप एक्स्ट्रा ही किराणा दुकानं आणि आपला स्टोव्ह. तारीख जवळ आलेल्या मालावर तिथे सवलतीची चिठ्ठी असते. रविवारी मोठी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी दुपारीच खरेदी आटपा. पाणी विकत घेऊ नका, चारही देशांत नळाचं पाणी थेट पिता येतं. बाटलीबंद पेय घेतलंच तर बाटली दुकानातल्या यंत्रात परत टाका. नॉर्वेत बाटलीच्या आकाराप्रमाणे दोन किंवा तीन क्रोन परत मिळतात.

टोल, फेऱ्या, पंप

इथे बाइकवाल्याची चंगळ आहे. नॉर्वेच्या टोलरस्त्यांवर मोटरसायकलला टोल नाही, स्टॉकहोम-गोथेनबर्गचा गर्दी-करही नाही. ओरेसुंड पुलावर कारच्या जवळपास निम्मे पैसे लागतात. नॉर्डकॅपच्या बेटावर नेणारा, समुद्राखाली २१२ मीटर उतरणारा ६.९ किलोमीटरचा बोगदा २०१२ पासून मोफत आहे आणि २४.५ किलोमीटरचा लार्डाल बोगदाही.

फ्योर्डवरच्या (डोंगरांमधल्या अरुंद खाड्यांवरच्या) फेरीबोटींना मात्र पैसे पडतात. बऱ्याच ठिकाणी कॅमेरा पाटीचा फोटो घेतो आणि बिल गाडीच्या मालकाकडे जातं. गाडी भाड्याची असेल तर कंपनी त्यावर हाताळणी-शुल्क लावते. म्हणून कुठल्या तारखेला कुठली फेरी घेतली ते टिपून ठेवा. परत आल्यावर बिल ताडून बघता येईल.

छोट्या फेरीत पहिल्या गिअरमध्ये, साइड स्टँडवर, गाडीजवळच थांबा. लांबच्या समुद्री फेरीत (उदाहरणार्थ क्रिस्तियानसान ते हिर्टशाल्स) गाडी पट्ट्यांनी बांधायची असते. पट्टा सीटवरून घ्या, खाली एखादा हातमोजा ठेवा, आणि गाडी साइड स्टँडच्या बाजूला थोडी ओढली जाईल असा ताण द्या. सरळ उभी करून दोन्हीकडून सारखी आवळली तर जहाज हलल्यावर पट्टा सैल होतो आणि गाडी आडवी होते.

बिनमाणसांचे पंप सगळीकडे आहेत. कार्ड घातल्यावर आधी ठरावीक रक्कम, नॉर्वेत कधी हजार-दीड हजार क्रोन, राखून ठेवली जाते आणि उरलेली काही दिवसांनी सुटते. प्रीपेड फॉरेक्स कार्डात अशा चार-पाच रकमा अडकल्या की शिल्लक असूनही कार्ड नकार देतं. इथे क्रेडिट कार्डच वापरा, आणि यंत्राने ‘रुपयांत देता का’ असं विचारलं तर नाही म्हणून स्थानिक चलन निवडा. उत्तरेत टाकी निम्मी झाली की भरा. ओल्डरफ्योर्डपासून नॉर्डकॅपपर्यंतच्या १२९ किलोमीटरमध्ये भरवशाचा पंप होनिंग्सवोगचा.

पाऊस आणि रस्ता

जॅकेटच्या आतलं वॉटरप्रूफ अस्तर तुम्हाला कोरडं ठेवतं, पण बाहेरचं कापड पाणी पिऊन जड होतं आणि वाऱ्याने अंग गार पाडतं. वरून घालायचा दोन तुकड्यांचा, एक माप मोठा रेनसूट न्या. बूट-हातमोज्यांसाठी रबरी आवरणं न्या. भांडी घासायचे मोठे रबरी मोजेही वरून चढतात. दिसायला विनोदी, पण बोटं शाबूत राहतात. पावसात चेनला दर ४००-५०० किलोमीटरला तेल लावा, तेही मुक्कामाला पोहोचल्यावर, चेन गरम असताना.

गुरं अडवायला रस्त्यात बसवलेल्या लोखंडी जाळ्या ओल्या असताना निसरड्या होतात. त्या सरळ, ब्रेक न लावता ओलांडा. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, आणि तो खरंच न बघता येतो. नॉर्वेत वस्तीत ५०, बाहेर ८०, आणि दंड एखाद्या आठवड्याचा खर्च खाऊन टाकेल इतका. काही कॅमेरे दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजतात, त्यामुळे कॅमेऱ्याशी हळू होऊन भागत नाही. रेनडिअर दिसला तर मागे कळप आहे असं समजा. धडक झालीच तर ११२ ला फोन करणं बंधनकारक आहे.

डोंगरी रस्ते बंद असू शकतात. दरडींमुळे ट्रोलस्टिगेन हा नॉर्वेतला घाटरस्ता २०२४ च्या हंगामात बंद करावा लागला होता. तो बंद असेल तर १,४३४ मीटरवरून जाणारा सोग्नेफ्येलचा रस्ता आणि किनाऱ्यालगतचा ८.३ किलोमीटरचा अटलांटिक रस्ता हे दोन्ही पर्याय हाताशी ठेवा. रोज सकाळी नॉर्वेच्या रस्ते विभागाचा नकाशा बघून निघा.

कागदपत्रं

शेंगेन व्हिसा जिथे सर्वांत जास्त रात्री आहेत त्या देशाकडे मागायचा, या फेऱ्यात तो बहुधा नॉर्वे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं लागतं, पण अनेक प्रवासविम्यांत मोटरसायकल चालवताना झालेला अपघात वगळलेला असतो. ते कलम एजंटकडून तोंडी नको, लेखी घ्या. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, त्याची मुदत एक वर्ष, आणि सोबत मूळ लायसन्सही ठेवा. हेल्मेटवर ईसीई २२.०५ किंवा २२.०६ या सुरक्षा मानकाचं चिन्ह असू द्या.

गाडीचा करार सही करून पाठवताना मार्गाच्या तारखा, जोडीला बसणारं कुणी आहे का आणि तुमची उंची कळवा. सीट कमी-जास्त करून हवी असेल तर त्याला हॅम्बुर्गला आठवडाभर लागतो.