परदेशी नेमणूक (भारतीय परराष्ट्र सेवा)

भारतीय परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्याची दूतावास, उच्चायोग, वाणिज्य दूतावास किंवा संयुक्त राष्ट्रांतील कायमस्वरूपी शिष्टमंडळ यांत ठरावीक मुदतीसाठी होणारी बदली. राष्ट्रकुलातील देशांत दूतावासाला उच्चायोग म्हणतात, काम तेच. सेवेतल्या बोलीत नेमणूक म्हणजे ‘पोस्टिंग’ आणि जागा म्हणजे ‘स्टेशन’. मुदत साधारणतः तीन वर्षांची, खडतर स्टेशनवर दोन वर्षांची. अधूनमधून दिल्लीच्या मुख्यालयात परतावे लागते. तिथला संचालक परदेशात काउन्सेलर (दूतावासातील एक वरिष्ठ पद) म्हणून ओळखला जातो.

पहिली नेमणूक भाषेसाठी असते. मसुरी आणि दिल्लीतील प्रशिक्षणानंतर प्रत्येक परिवीक्षाधीन अधिकाऱ्याला एक परकीय भाषा मिळते आणि ती शिकण्यासाठी त्याला तृतीय सचिव (दूतावासातील कनिष्ठ पद) म्हणून पाठवतात : अरबीसाठी कैरो, रशियनसाठी मॉस्को, जपानीसाठी टोकियो. भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय सेवेत कायम होता येत नाही. हा भाषेचा शिक्का पुढे सोबत राहतो, पण कारकीर्द त्याला जखडलेली नसते. चिनी भाषा जाणणारे विजय गोखले मलेशिया आणि जर्मनीत मिशनप्रमुख होते, त्यानंतर चीनमध्ये राजदूत झाले आणि २०१८ मध्ये परराष्ट्र सचिव.

पुढच्या नेमणुका ठरवताना स्टेशनची प्रतवारी पाहतात. हवामान, रुग्णालये, शाळा, सुरक्षितता यांवरून ठिकाणांचे वर्ग पाडलेले असतात आणि सुखाच्या स्टेशननंतर कठीण स्टेशन वाट्याला यावे, अशी पद्धत आहे. परदेश भत्ता, मुलांचे शिक्षण, रजेवर मायदेशी येण्याचे भाडे हे सारे १९६१च्या वेतन, रजा व भरपाई भत्ते नियमांनुसार मिळते.

राजदूताच्या बाबतीत एक पायरी जास्त असते. १९६१च्या व्हिएन्ना करारानुसार यजमान देशाची पूर्वसंमती, म्हणजे ‘ॲग्रेमाँ’, आधी घ्यावी लागते. ती नाकारताना कारण देण्याचे बंधन नाही, म्हणून नाव आधी जाहीर करणे धोक्याचे. इस्रायलने २०१५ मध्ये ब्राझीलसाठी राजदूताचे नाव जाहीर केले; ब्राझील महिनोन्‌महिने गप्प बसला आणि शेवटी त्या व्यक्तीला न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत म्हणून धाडावे लागले. यजमान देशात पोचल्यावर राजदूत राष्ट्रप्रमुखाला परिचयपत्रे सादर करतो. राजदूतांमधला मानाचा क्रम पदभार घेतल्याच्या तारखेवर आणि वेळेवरसुद्धा ठरतो.

प्रत्यक्ष अडचणी बऱ्याचदा सामानाच्या. जड सामान कंटेनरने समुद्रमार्गे येते. सीमाशुल्काची माफी मिळवायला अनेक देशांत आधी दूतावासाने अधिकाऱ्याची नोंद करून ओळखपत्र मिळवावे लागते. कंटेनर त्याआधी बंदरात लागला, तर कागद होईपर्यंत तिथेच पडून राहतो आणि डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, चढत जाते. दुसरी अडचण शाळेची. भारतात सत्र एप्रिल ते जूनमध्ये सुरू होते, युरोपात सप्टेंबरमध्ये, ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या अखेरीस. दहावी-बारावीच्या वर्षात बदली आली की घर दोन ठिकाणी विभागते. जोडीदाराला नोकरी करायची असेल, तर बहुतेक ठिकाणी दोन देशांमध्ये तसा करार असावा लागतो.

मरून रंगाचा राजनैतिक पासपोर्ट म्हणजे अटक आणि खटल्यापासून संरक्षण, हा गैरसमज आहे. यजमान देशाने कोणत्या पदावर नोंद मान्य केली, यावर संरक्षण ठरते. वाणिज्य दूतावासातल्या अधिकाऱ्याला ते मुख्यतः कार्यालयीन कामापुरतेच असते. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या भारतीय उपमहावाणिज्यदूतांना अटक झाली, तेव्हा वाद यावरूनच पेटला. भारताने त्यांची बदली संयुक्त राष्ट्रांतील शिष्टमंडळात केली, कारण तिथले संरक्षण पूर्ण असते.

नेमणूक मध्येच संपवण्याचा अधिकार यजमान देशालाही आहे. तो अधिकाऱ्याला ‘अस्वीकार्य’ ठरवू शकतो. इथेही कारण द्यावे लागत नाही. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी भारताने कॅनडाच्या सहा अधिकाऱ्यांना देश सोडण्यास सांगितले आणि मुदत दिली १९ तारखेच्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंतची.