कोणते पिल्लू अंडे देईल, आणि केव्हा

मुंबईत बाजाराच्या तोंडाशी गुलाबी-हिरव्या रंगांत बुचकळलेली कोंबडीची पिले टोपलीत विकायला येतात, आणि मुलांच्या हट्टाने घरी आणलेले त्यातले एखादे जगलेच, तर अंड्याची वाट पाहणाऱ्या घराला काही महिन्यांनी पहाटेची बांग ऐकू येते. यात नशिबाचा भाग थोडाच आहे. अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या जातींच्या उबवणी केंद्रांत माद्या पहिल्याच दिवशी निवडून घेतात. स्वस्तात बाहेर पडतात ते बहुधा नर.

ही निवड कशी होते? जपानमध्ये विकसित झालेल्या आणि 1930च्या दशकात जगभर पसरलेल्या पद्धतीत पिलाचे गुदद्वार हलकेच उलगडून आतला टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा पाहतात, आणि त्याला बराच सराव लागतो. दुसरी युक्ती आनुवंशिकतेची आहे. माणसात अपत्याचे लिंग पित्याकडून ठरते, तर कोंबड्यांत ते आईकडून ठरते, कारण नराकडे दोन ‘झेड’ गुणसूत्रे असतात आणि मादीकडे एक ‘झेड’ व एक ‘डब्ल्यू’. पिसे सावकाश फुटण्याचे जनुक ‘झेड’वर असल्यामुळे ते आईकडून फक्त मुलग्यांकडे जाते, म्हणून सावकाश पिसे फुटणारी आई आणि लवकर पिसे फुटणारा बाप निवडला, की पंखांची लांब पिसे पाहून मादी ओळखता येते. सरमिसळ झालेल्या गावठी कोंबड्यांत ही युक्ती चालत नाही. तिथे तुरा लाल होऊन वाढेपर्यंत, म्हणजे सहा-आठ आठवडे, थांबणेच बरे. निमुळत्या अंड्यातून नर निघतो ही समजूत मात्र सोडून द्यावी, कारण कवच चढण्याच्या कितीतरी आधीच पिलाचे लिंग ठरलेले असते.

तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, साधारण पाच-सहा महिन्यांची झाली की अंडी सुरू होतात, आणि मग डिसेंबरात ती कमी झाली की दोष थंडीला दिला जातो. मुंबईची थंडी ती काय! सोळा-सतरा अंशांनी कोंबडीचे काही बिघडत नाही; तिला जाच होतो तो मे महिन्यातल्या दमट उकाड्याचा. हिवाळ्यात तिला कमी पडतो तो प्रकाश. तो डोळ्यांतून तर पोहोचतोच, पण कवटीतून झिरपून मेंदूच्या खोल भागातील प्रकाशसंवेदी पेशींपर्यंतही जातो आणि तिथून अंडाशयाला चालना देणाऱ्या संप्रेरकांची साखळी सुरू होते. भरपूर अंड्यांसाठी दिवसाला 14 ते 16 तास प्रकाश लागतो, तर मुंबईत डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस सुमारे 11 तासांचा असतो. खुराड्यावर रात्रभर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडत असेल, तर हे गणित बदलू शकते. याच सुमारास जुनी पिसे झडून नवी येत असतील, तर आहारातील प्रथिने तिकडे वळतात आणि अंडी आणखी घटतात. गावठी कोंबडी मुळात थोडी अंडी घालून खुडूक (अंडी उबवायला) बसणारी असल्याने, तिच्याकडून दिव्याच्या जोरावर लेगहॉर्न या भरपूर अंडी देणाऱ्या जातीइतकी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

दिवा लावायचाच, तर तो पहाटे लावावा. संध्याकाळी तो अचानक मालवला, तर कोंबड्यांना अंधारात बसायची जागा सापडत नाही. प्रकाशाची वेळ दर आठवड्याला थोडी थोडी वाढवावी आणि चार महिन्यांहून लहान तलंगांना त्यापासून दूर ठेवावे, कारण अकाली सुरू झालेली अंडी लहान असतात आणि अंडे घालताना आतला भाग बाहेर येण्याचा धोका असतो.

एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते आणि ते मुख्यतः रात्री, कोंबडी झोपलेली असताना चढते. कोळीवाड्यात सहज मिळणारी कालवांची शिंपली ठेचून संध्याकाळी खायला ठेवली, तर तिचे जाड तुकडे पोटात सावकाश विरघळतात आणि पहाटेपर्यंत कॅल्शियम पुरवीत राहतात.