दुहेरी ग्राफिक्सचा लॅपटॉप आणि लिनक्सवरील गेमिंग

प्रोसेसरमध्येच असलेली लहान ग्राफिक्स चिप आणि तिच्या जोडीला एक वेगळे, ताकदवान ग्राफिक्स कार्ड अशी रचना असलेल्या लॅपटॉपवर लिनक्समध्ये गेमचा वेग वाढवण्याच्या पद्धती. दोन चिप ठेवण्यामागचा हेतू बॅटरी वाचवण्याचा आहे. एरवी लहान चिप पडदा सांभाळते, जड काम आले की मोठे कार्ड जागे होते. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०१० मध्ये ‘ऑप्टिमस’ या नावाने ही व्यवस्था आणली, पण लिनक्सला वाऱ्यावर सोडले. २०११ मध्ये स्वयंसेवकांनी ‘बंबलबी’ हा जोडउपाय उभा केला. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स एनव्हिडियावर जाहीरपणे भडकले, तेव्हाही प्रश्न ऑप्टिमसच्या लॅपटॉपचाच होता. कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हवे तेवढेच काम मोठ्या कार्डावर सोपवण्याची सोय, म्हणजे ‘प्राइम रेंडर ऑफलोड’, २०१९ मध्ये ४३५ मालिकेपासून मिळू लागली.

गेम अडखळत असेल तर सेटिंग्ज कमी करण्याआधी तो नेमका कोणत्या चिपवर चालला आहे, ते पाहावे. पडद्यावर धक्के बसत आहेत आणि मोठे कार्ड मात्र थंड आहे, हे चित्र नवख्यांकडे वारंवार दिसते. ‘मँगोहड’ हा गेमवर आकडे दाखवणारा प्रोग्राम लावला की गेमच्या कोपऱ्यात कार्डाचे नाव, तापमान आणि फ्रेमचा वेग दिसतो. एनव्हिडिया असेल तर टर्मिनलमध्ये ‘एनव्हिडिया-एसएमआय’ (nvidia-smi) या कमांडने दाखवलेल्या यादीत गेमचे नाव आले पाहिजे. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या, स्टीम या गेमच्या दुकानातल्या ‘प्रोटॉन’मधून चालणारे गेम बहुधा आपणहून मोठे कार्ड निवडतात, कारण त्यातला विंडोजच्या ग्राफिक्स आज्ञांचे रूपांतर करणारा डीएक्सव्हीके हा भाग वेगळ्या कार्डाला पहिली पसंती देतो. ओपनजीएल या ग्राफिक्स पद्धतीवरचे जुने गेम मात्र लहान चिपलाच चिकटून राहतात. त्यांच्यासाठी स्टीममधल्या लाँच ऑप्शनमध्ये गेम मोठ्या कार्डावर सुरू करणारी ‘प्राइम-रन’ (prime-run) ही कमांड जोडावी लागते. दोन्ही चिप एएमडीच्या असतील तर ‘डीआरआय प्राइम’ (DRI_PRIME) या सिस्टीमच्या चलाला १ ही किंमत दिली की पुरते.

कार्ड बरोबर निवडूनही थोडा वेग हातचा जातो, तो चित्राच्या प्रवासात. बहुतेक लॅपटॉपचा पडदा लहान चिपलाच जोडलेला असतो, त्यामुळे मोठ्या कार्डाने काढलेली प्रत्येक फ्रेम तिच्याकडे पोचवावी लागते. १९२० बाय १०८० पिक्सेलची एक फ्रेम सुमारे ८.३ एमबीची, सेकंदाला १४४ फ्रेम म्हटल्या तर जवळपास १.२ जीबी. ही ये-जा रॅममधून होते, म्हणून १६ जीबीची एकच पट्टी लावण्यापेक्षा ८-८ च्या दोन लावणे हिताचे. कार्डाला थेट जोडलेल्या पोर्टवर बाहेरचा मॉनिटर लावून सगळा डेस्कटॉपच त्या कार्डावर चालवला, किंवा लॅपटॉपमध्ये पडद्याची जोडणी एका चिपवरून दुसरीकडे वळवणारा ‘मक्स स्विच’ असून तो मोठ्या कार्डाकडे वळवला, तर हा फेरा वाचतो. बॅटरी मात्र लवकर उतरते.

ड्रायव्हरच्या बाबतीत एएमडीवाल्यांना फारसे काही करावे लागत नाही. मेसा हा मुक्त ड्रायव्हरचा संच लिनक्सच्या वितरणासोबतच येतो, तो अद्ययावत ठेवावा. एनव्हिडियाच्या ९०० मालिकेच्या नव्या कार्डांपासून १० मालिकेपर्यंत ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर गेमसाठी निरुपयोगी ठरतो. कार्डाला कंपनीची डिजिटल सही असलेलेच फर्मवेअर (आतले नियंत्रक सॉफ्टवेअर) चालते, त्यामुळे त्याला कार्डाचा क्लॉक वाढवता येत नाही, कार्ड सर्वात मंद गतीवरच अडकते. तिथे कंपनीचाच ड्रायव्हर हवा.

उष्णतेकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होते. प्रोसेसर आणि कार्ड अनेकदा एकाच हीट पाइपवर असतात. एक तापला की दुसऱ्यालाही मंदावावे लागते. पहिली दहा मिनिटे गेम सुरळीत आणि मग घसरगुंडी, असे होत असेल तर दोष सहसा लिनक्सचा नसतो. पंख्यातली धूळ काढणे, वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे आणि फ्रेमला ६० ची मर्यादा घालणे याने कोणत्याही कमांडपेक्षा जास्त फरक पडतो. उलट, सुरुवातीलाच धक्के बसून नंतर गेम सुधारत असेल तर शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे कार्डावरचे छोटे प्रोग्राम, तयार होत असतात. ते एकदा साठवले गेले की पुढच्या वेळी त्रास कमी होतो. फेरल इंटरॅक्टिव्ह या कंपनीचा ‘गेममोड’ हा प्रोग्राम खेळ चालू असेपर्यंत प्रोसेसरला परफॉर्मन्स मोडवर ठेवतो. तापलेल्या यंत्रावर त्याचा उपयोग होत नाही.