नदीवरच्या स्टीमबोटींची जुनी पोस्टकार्डं (संग्रह)

नदीत चालणाऱ्या वाफेच्या बोटींची चित्रं नाहीतर फोटो असलेली जुनी पोस्टकार्डं जमवायचा हा छंद. सगळ्यात जास्त कार्डं सापडतात अमेरिकेतली, म्हणजे मिसिसिपी, ओहायो आणि हडसन नद्यांवरची, शिवाय जर्मनीतल्या ऱ्हाइन आणि एल्बवरचीही बरीच आहेत. गंमत अशी की अमेरिकेत पोस्टकार्डाचं वेड पसरलं १९०० नंतर, आणि तोवर रेल्वेनं बोटींचा धंदा बराच खाल्ला होता, त्यामुळे कार्डांवर दिसतात त्या बहुतेक शेवटच्या पिढीतल्या मालाच्या आणि सहलीच्या बोटी.

कार्ड कधीचं हे ओळखायला आधी ते उलटं करा. अमेरिकेत १ मार्च १९०७ पर्यंत मागच्या बाजूला फक्त पत्ता लिहायची परवानगी होती, म्हणून लोक मजकूर पुढे चित्राच्या कडेला, कधी तर थेट आकाशात कोंबायचे. मागे मधोमध रेघ असेल, म्हणजे एकीकडे मजकूर आणि एकीकडे पत्ता, तर कार्ड त्यानंतरचं. ब्रिटनमध्ये मात्र ही सूट १९०२ लाच मिळालेली, तेव्हा देश बघून ठरवा. चित्राभोवती पांढरी कड असली तर साधारण १९१५ ते १९३०, कापडासारखा खरखरीत कागद आणि भडक रंग असले तर १९३० ते १९४५ च्या आसपासचं लिनन कार्ड. पण फोटो कधीचा, छपाई कधीची आणि शिक्का कधीचा या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवखे लोक इथेच फसतात, कारण बोट बुडून गेली तरी दुकानदार शिल्लक कार्डं विकतच असायचे.

बोटीचं नाव हा खरा धागादोरा. पिट्सबर्गला १९१४ मध्ये बांधलेली आयडलवाइल्ड १९४८ मध्ये ॲव्हलॉन झाली आणि १९६२ पासून बेल ऑफ लुइव्हिल, म्हणजे बोट एक पण तिची तीन नावांची कार्डं. डेल्टा क्वीन १९२७ पासून कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो नदीवर चालायची, ओहायोकडे आली ती १९४७ मध्ये, तर मागे कुठला किनारा दिसतोय तेही बघावं. जानेवारी १९१८ मध्ये सिनसिनाटीला बर्फानं सिटी ऑफ लुइव्हिल आणि सिटी ऑफ सिनसिनाटी या दोन बोटी चिरडल्या, तेव्हा यांच्या कार्डावर शिक्का नंतरचा असला तरी फोटो आधीचाच.

चित्रावर फार विश्वास ठेवू नये हे आपलं माझं मत. प्रकाशक दिवसाच्या फोटोवर निळा रंग मारून, चंद्र आणि खिडक्यांत उजेड घालून ‘रात्रीचा देखावा’ करायचे, धूर तर सर्रास रंगवलेला. त्यामानाने खऱ्या फोटोचं कार्ड, म्हणजे निगेटिव्हवरून थेट फोटोपेपरवर काढलेलं, जास्त मोलाचं, त्यात एखाद्या छोट्या गावाचा धक्का, पोत्यांचा ढीग, वरच्या डेकवरची माणसं स्पष्ट दिसतात. भिंगातून बघा, बारीक ठिपके दिसले तर ती छपाई. मागे तिकीट लावायच्या चौकटीत ॲझो (फोटोपेपरचा एक ब्रँड) लिहिलेलं असेल आणि चौकटीच्या कोपऱ्यांतले चारही त्रिकोण वर टोक करून असतील तर तो कागद साधारण १९०४ ते १९१८ चा.

बाकी दुमडलेले कोपरे आणि उपटून काढलेलं तिकीट यानं किंमत पडते, लिहिलेल्या मजकुरानं मात्र पडेलच असं नाही, उलट बोटीवरूनच पाठवलेलं कार्ड असेल तर संग्राहक तुटून पडतात. ठेवायला पीव्हीसीची पाकिटं नकोत, ती कार्डाला चिकटतात, पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलरची (पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मची) घ्यावीत.